गुळातले पीठ

स्मरणिकेसाठी लेख मागण्याकरिता संपादक मंडळातील एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला, तेव्हा वसतिगृहातील दिवसांच्या काही आठवणी लिहून पाठवीन, असे मी त्यांना सांगितले होते. आठवणी पुष्कळ आहेत. पहाटे पाचची घंटा, हौदावरच्या थंडगार पाण्याच्या बादल्या, रांगेत बसून खाल्लेली बाजरीची भाकरी, गच्चीवरून दिसणारे अंबड औद्योगिक वसाहतीचे दिवे आणि त्यांच्या पलीकडे त्रिरश्मी डोंगराची काळी रेघ. परंतु लिहायला बसलो की यांतले काहीच कागदावर उतरेना. डोळ्यांपुढे येत राहिला तो एक चित्रपट, आणि त्या चित्रपटामुळे तीस वर्षांनी बोलाव्या लागलेल्या काही गोष्टी. संपादकांनी मागितलेला लेख हा नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही तो याच पानांवर यावा असे वाटते, कारण ज्या गोष्टी मी सांगणार आहे, त्या याच आवारात घडल्या.

माझी धाकटी मुलगी दहावीची परीक्षा देऊन घरी होती. एका संध्याकाळी मी पहिल्या पाळीहून येऊन चहा घेत असताना ती म्हणाली, “पप्पा, माझ्यासोबत एक पिक्चर बघाल का? इंग्लिश आहे, पण खाली अक्षरं येतात.” मुलीने वडिलांना चित्रपटाचे आमंत्रण द्यावे, हा आमच्या घरात नवीनच प्रकार होता. तिची आई हसून म्हणाली, “बघा, लेकीनं बोलावलंय.” मी चष्मा पुसून बसलो.

चित्रपटाचे नाव ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’. खाली, अगदी खालपर्यंत कासवेच कासवे, असा त्याचा अर्थ. हॅना मार्क्स या दिग्दर्शिकेचा हा चित्रपट २०२४ साली आला. तो जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाच्या २०१७ मधील कादंबरीवर आधारलेला आहे. याच लेखकाच्या दुसऱ्या एका कादंबरीवरून आपल्याकडे सुशांतसिंह राजपूतचा ‘दिल बेचारा’ निघाला, हे तरुण वाचकांना ठाऊक असेल. हे ग्रीन स्वतः ओसीडी या मनोविकारासोबत जगत आहेत आणि ते त्यांनी उघडपणे सांगितले आहे. मराठीत या आजाराला फार जुना शब्द आहे : मंत्रचळ. मंत्र म्हणताना चूक झाली की माणसाला चळ लागतो, अशी समजूत त्या शब्दामागे आहे. मला तो शब्द ऐकला की आजही अंगावर काटा येतो. का, ते पुढे सांगतो.

चित्रपटाची नायिका एझा ही इंडियानापोलिस शहरातील शाळकरी मुलगी. वडील वारलेले, आई शिक्षिका. एझाच्या डोक्यात एकच विचार घर करून बसलेला असतो : आपल्या शरीरात जंतू आहेत आणि ते आपला ताबा घेतील. तिच्या एका बोटावर जुनी जखम आहे. ती जखम ती नखाने पुन्हा उघडते, पिळते, जंतुनाशक लावते, नवी पट्टी चिकटवते. मग शंका येते की नीट साफ झाली नसेल. पट्टी निघते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. वर्गात, गाडीत, एका मुलाशी मैत्री जुळू पाहते आहे अशा वेळीही डोक्यातला तो आवाज थांबत नाही. एका प्रसंगी रुग्णालयात असतानाच ती हात साफ करण्याचे सॅनिटायझर पिते. त्या दृश्याला माझ्या पत्नीने पदर तोंडाशी नेला. माझी मुलगी मात्र पडद्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

आपल्याकडच्या विनोदी चित्रपटांत आणि मालिकांत असे पात्र क्वचित येते, आणि आले तरी हसवण्यासाठी येते. सारखे हात धुणारा काका, कुलूप ओढून ओढून पाहणारा शेजारी. हा चित्रपट एझाला हसत नाही, आणि तिची कीवही करत नाही. जे बाहेरून दिसत नाही ते तो ऐकवतो. तिच्या मनातला आवाज तिच्या स्वतःच्याच आवाजात बोलतो, घाईने बोलतो, आणि प्रत्येक उत्तराला त्याच्याकडे ‘पण’ असतो. तिची मैत्रीण डेझी एकदा संतापून तिला सुनावते की, तुला स्वतःच्या डोक्यापलीकडचे काही दिसतच नाही. हे फार कठोर आहे, आणि खरेही आहे. शेवटी एझा पूर्ण बरी होऊन हसत निघून जाते, असेही होत नाही. आजार येत-जात राहणार आणि ती जगत राहणार, एवढेच कळते. तिच्या डॉक्टर भारतीय वंशाच्या दाखवल्या आहेत, पूर्णा जगन्नाथन यांनी ती भूमिका केली आहे. डॉक्टर हुशार आहेत. पण एझा गोळ्या नियमित घेत नाही. हे मला फार ओळखीचे वाटले.

नावातल्या कासवांची कथा अशी. एक शास्त्रज्ञ पृथ्वीविषयी व्याख्यान देतो. एक म्हातारी उठून म्हणते, हे सारे खोटे, पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे. तो विचारतो, ते कासव कशावर उभे आहे? म्हणे, दुसऱ्या कासवावर. आणि ते? ती म्हणते, खालपर्यंत कासवेच आहेत. एझाला वाटत असते की, खोल खोल जात राहिले तर केव्हातरी तळ लागेल, जिथे ‘खरी मी’ असेल आणि शंका संपेल. तो तळ नाही.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ आहे. २०१६ च्या चित्रपटांतून त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले. नैराश्यात बुडालेल्या एका तरुणाची ती गोष्ट. त्याचे एक निर्माते डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. तिथले कासव म्हणजे पाठीवरच्या कवचात अंग चोरून घेणारा जीव. इथली कासवे वेगळी आहेत. माणूस लपायला जागा शोधत नाही, तो खात्री शोधतो. आणि ती कधी मिळत नाही.

चित्रपट संपला. मुलीने लॅपटॉप मिटला आणि त्याच्या झाकणाकडे पाहत म्हणाली, “पप्पा, तिला जसं होतं ना, तसं मला होतं.”

त्यावर मी काय बोललो, हे सांगण्याआधी मला याच शाळेतल्या १९९२-९३ सालात जावे लागेल.

मी तेव्हा आठवीत होतो. निफाड तालुक्यातल्या एका लहान गावातून पाचवीला वसतिगृहात आलो होतो. आई दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. पण आमचे कपडे मात्र पांढरेशुभ्र असायचे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याविषयी, नीटनेटके लुगडे नेसण्याविषयी जे सांगितले, ते आईने वाचलेले नव्हते, तिच्या आईकडून ऐकलेले होते. “आपल्याला कुणी घाण म्हणायला नको,” एवढे तिचे त्यावरचे भाष्य. त्यामुळे मुलगा हौदावर जास्त वेळ हात धुतो, हे सुट्टीत घरी गेल्यावर कुणाला दिसले, तरी खटकले नाही. उलट कौतुक झाले.

हात मी धूत होतो ते जंतूंच्या भीतीने नव्हे. सकाळच्या वंदनेला आपण सारे सभागृहात ओळीने बसायचो. समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांचे छायाचित्र. एके दिवशी त्रिशरण म्हणत असताना माझ्या मनात त्या छायाचित्राविषयी एक अत्यंत अभद्र शब्द आला. तो कोठून आला, मला माहीत नाही. मला तो यायला नको होता. मी डोळे घट्ट मिटले आणि तो पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी, तो येईल या भीतीनेच मी सभागृहात पाऊल टाकले आणि अर्थातच तो आला. मग मूर्तीविषयी काही आले. ते मी आजही लिहू शकत नाही. ज्यांच्यामुळे मी शाळेत बसलो होतो, ज्यांच्यामुळे आईच्या हातात विळ्याखेरीज दुसरे काही यायची शक्यता निर्माण झाली होती, त्यांच्याविषयी माझ्या मनात हे यावे! मी कृतघ्न आहे, गद्दार आहे, आणि साऱ्या वसतिगृहात एकट्या माझ्याच मनात हे विष आहे, अशी माझी खात्री झाली. तेरा वर्षांच्या मुलाने ही गोष्ट कोणाला सांगावी? वर्गशिक्षकांना? आईला?

मी उपाय शोधला. अभद्र विचार आला की मनातल्या मनात त्रिशरण पहिल्यापासून म्हणायचे. मध्ये एक अक्षर जरी चुकले, किंवा तेवढ्यात तो शब्द पुन्हा डोकावला, तरी ते बाद, पुन्हा पहिल्यापासून. वंदनेची पुस्तिका हातात घेण्याआधी हात धुवायचे, आणि धुताना विचार आला तर ते धुणेही बाद. नमस्कार तीनदा झाले की शंका यायची की तिसरा मनापासून झाला नाही. मग सहा. मग नऊ. सगळी मुले न्याहारीला निघून जायची आणि मी सभागृहात एकटाच कपाळ टेकत असायचो.

मुलांनी मला ‘भन्ते’ म्हणायला सुरुवात केली. आणि त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मला आदर्श विद्यार्थ्याचे बक्षीस मिळाले. धम्माविषयीची निष्ठा आणि स्वच्छता, असे त्याचे कारण व्यासपीठावरून वाचून दाखवण्यात आले. टाळ्या वाजल्या. मी ढाल घेऊन खाली उतरलो ते थेट हौदावर गेलो.

या बक्षिसाबद्दल मी कोणालाही दोष देत नाही. देणाऱ्यांनी जे दिसले त्याला बक्षीस दिले. एका गृहपाल सरांनी मात्र एकदा रात्री मला हौदापाशी पकडून, पाणी वाया घालवतो म्हणून दोन छड्या मारल्या होत्या. आज वाटते, त्या वर्षात माझ्या आजाराची दखल घेणारे तेच एकटे होते. अर्थात, छडी हा त्यावरचा उपाय नव्हता.

माझ्या शेजारच्या खाटेवर पेठ तालुक्यातला एक मुलगा होता. त्याला कारण ठाऊक नव्हते, पण तो मोजायचा. “झालं रे, सहा झालं. आता भाकर संपंल,” असे म्हणून माझ्या शर्टाची बाही धरून ओढत न्यायचा. तो ओढतो आहे म्हटल्यावर थांबणे मला सोपे जायचे, कारण मग ती जबाबदारी माझी नसायची. नववीच्या दिवाळीनंतर तो परत आला नाही. का आला नाही, हे मला माहीत नाही. चित्रपटात डेझी जे सुनावते, ते ऐकताना मला तो आठवला. दोन वर्षे आम्ही एका ताटात जेवलो, आणि त्याला भावंडे किती, हेही मी कधी विचारले नव्हते. माझ्या डोक्यात जागाच नव्हती. हा अंक त्याच्या हाती पडेल न पडेल. पडला तर त्याने शाळेच्या कार्यालयात माझा नंबर मागून घ्यावा.

त्याच वर्षीच्या वर्षावासात एक भन्तेजी शाळेत येऊन गेले. त्यांनी मुलांना कंखारेवत स्थविरांची गोष्ट सांगितली. कंखा म्हणजे शंका. विनयपिटकातल्या महावग्गात ही गोष्ट आहे. रेवत वाटेने जात असता गुऱ्हाळात गूळ करणारे लोक गुळात पीठ घालताना त्यांना दिसतात. भिक्खूंना दुपारनंतर अन्न वर्ज्य, गूळ मात्र चालतो. पण यात तर पीठ आहे! मग हे अन्न झाले की गूळ? रेवतांना शंका आली आणि त्यांनी गूळ खाणे सोडले. त्यांचे ऐकून इतर काही भिक्खूंनीही सोडले. गोष्ट भगवंतांपर्यंत गेली. त्यांनी विचारले, पीठ कशासाठी घालतात? उत्तर मिळाले, घट्ट व्हावा म्हणून. भगवंत म्हणाले, तसे असेल तर तो गूळच समजावा. खायला हरकत नाही.

मुले खूप हसली. निफाडकडच्या मुलांना गुऱ्हाळ नवे नव्हते. मी हसलो नाही. मला वाटले, उठावे आणि विचारावे की, भन्तेजी, गुळात पीठ असले तरी तो गूळच, हे खरे. पण माणसाच्या मनात घाण आली तर तो माणूस कोण? मी उठलो नाही. भन्तेजी दुसऱ्या दिवशी गेले.

हेच रेवत पुढे ध्यान करणाऱ्या भिक्खूंत अग्र म्हणून गौरवले गेले, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. त्यांना हा आजार होता, असे मी म्हणत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची नाडी पाहणे हा आगाऊपणा होईल. पण अतिशंकेला पाली भाषेत ‘कुक्कुच्च’ असा शब्द आहे, आणि तो पाच नीवरणांत, म्हणजे चित्ताच्या अडथळ्यांत, मोजला जातो, शीलाच्या परिपूर्णतेत नव्हे. मला आठवीत हे कोणी सांगितले असते तर!

दहावीनंतर मी आयटीआय केले आणि अंबडमधल्याच एका छोट्या कारखान्यात लागलो. पुढे गुणवत्ता तपासणीला गेलो. माझ्यासारख्याला तपासणीच्या टेबलावर बसवणे म्हणजे काय, हे आता वाचकांनी ओळखले असेल. आमच्याकडे प्लग गेज असते. त्याला दोन टोके असतात. एक ‘गो’, दुसरे ‘नो गो’. जॉबच्या भोकात ‘गो’ टोक गेले पाहिजे आणि ‘नो गो’ जाता कामा नये. एवढे झाले की जॉब पास. पुन्हा मोजायचे नसते. भोकाचा नेमका व्यास किती, हेही गेज सांगत नाही. चालेल की नाही, एवढेच सांगते. मी मात्र पास झालेला जॉब ट्रेमधून पुन्हा उचलायचो. मग आधीचा. मग साराच ट्रे. २००६ मध्ये एकदा माझ्यामुळे एक पूर्ण लॉट संध्याकाळच्या गाडीला चुकला. सुपरवायझर साहेब ओरडले नाहीत. त्यांनी मला बाहेर टपरीवर नेले, चहा सांगितला आणि विचारले, “घरी पण असंच करतोस का?” त्यांच्या भावाला हाच त्रास होता. त्यांनीच मला नाशिकमधल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

डॉक्टरांनी कागदावर एक वर्तुळ काढले. शंका, मग भीती, मग भीती घालवण्यासाठी केलेली कृती, मग घटकाभर सुटका, आणि पुन्हा शंका. “तुम्ही शंका तोडायला बघताय,” ते म्हणाले, “वर्तुळ तिथं तुटत नाही. ते इथं तुटतं,” आणि त्यांनी कृतीवर पेन ठेवले. गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे गेले. त्यासोबत एक शिस्तही होती. भीती वाटेल ते मुद्दाम समोर घ्यायचे आणि सुटकेची कृती करायची नाही. लंडनमधील व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. माझ्यासाठी तिचा अर्थ होता : घरच्या मूर्तीसमोर वंदना एकदाच म्हणायची, सगळे करतात तेवढेच तीन नमस्कार करायचे, आणि मनात काहीही आले तरी चौथा करायचा नाही. हात धुवायचे नाहीत. बसून राहायचे.

पहिल्या दिवशी रात्री नऊला मी बसलो. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तो शब्द आला. आला तो जाईना. छातीत धडधड, पोटात गोळा. भिंतीवरचे घड्याळ मी पाहत होतो. सव्वानऊला वाटले, आता वेड लागणार. नऊ चाळीसला लक्षात आले की, मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवरची जाहिरात ऐकतो आहे. मी काहीच केले नव्हते. भीती आपली आपणच उतरली होती.

मला खरा धक्का दिला तो वेगळ्याच एका माहितीने. पद्मल डी सिल्वा नावाचे एक श्रीलंकन मानसशास्त्रज्ञ लंडनमध्ये याच आजारावर काम करत. १९७८ मध्ये त्यांनी स्टॅन्ली रॅकमन यांच्यासोबत एक संशोधन प्रसिद्ध केले. आजार नसलेल्या सर्वसामान्य माणसांना त्यांनी विचारले की, नको असलेले, अभद्र, भयंकर विचार तुमच्या मनात येतात का? बहुतेकांनी हो म्हटले. आणि ते विचार रुग्णांच्या विचारांसारखेच होते. फरक एवढाच की, त्या माणसांना ते येतात आणि निघून जातात; रुग्ण मात्र प्रत्येक विचाराला पकडून त्याची चौकशी करतो. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मी त्यांना दोनदा विचारले, “म्हणजे सगळ्यांना?” आठवीच्या त्या सभागृहात ओळीने बसलेली सगळी मुले माझ्या डोळ्यांपुढे आली.

याच डी सिल्वांनी मज्झिमनिकायातील वितक्कसंठान सुत्ताकडेही अभ्यासकांचे लक्ष वेधले. नको त्या विचाराचे काय करावे, याचे पाच मार्ग त्यात सांगितले आहेत. सुतार बारीक खुंटीने मोठी खुंटी ठोकून काढतो, तसा एका विचाराने दुसरा काढावा. त्यातला दोष पाहावा. त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, नको असलेल्या दृश्याकडून माणूस नजर वळवतो तसे. त्या विचाराची गती हळूहळू शांत करावी, घाईने चालणारा माणूस सावकाश चालू लागतो, मग थांबतो, मग बसतो, तशी. आणि यांपैकी काहीच साधले नाही, तर अगदी शेवटी, दात-ओठ आवळून मनाने मनाला दाबावे. मी लहानपणी नेमका हा शेवटचा मार्ग सर्वांत आधी धरला होता, आणि पहिल्याचे मी अनुष्ठान करून टाकले होते. हा आजार असलेल्याने विचार दाबू पाहिला तर तो उसळून वर येतो. सुत्त वाचून माणूस बरा होतो, असा माझा दावा नाही. मी गोळ्या आणि डॉक्टरांच्या शिस्तीने सावरलो. पण नको त्या विचाराला तिथे पाप म्हणून हाकलून दिलेले नाही, त्याच्याशी कसे वागावे ते सांगितले आहे, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसलो होतो.

आता मुलीकडे येतो.

तिने ते वाक्य उच्चारले, आणि एवढे सारे भोगलेला मी म्हणालो, “नाही गं बेटा, तसं काही नसतं. पिक्चरमध्ये वाढवून दाखवतात.”

हे मी लिहितो आहे, कारण हा लेख वाचणाऱ्या पालकांच्या तोंडूनही कदाचित हेच वाक्य निघेल, आणि ते मायेपोटीच निघेल. मुलगी काही बोलली नाही. रात्री मी तिच्या दप्तरातल्या वह्या काढल्या. एकेक अक्षर खोडून, पुन्हा लिहून, कागद जागोजागी फाटला होता. काही वह्यांची निम्मी पाने गळून गेली होती. दहावीला तिचे पेपर का पूर्ण होत नव्हते, याचे उत्तर मला त्या फाटक्या पानांत मिळाले. आणि आणखी एक गोष्ट आठवली. जवळजवळ वर्षभर ती रोज झोपण्याआधी मला विचारत होती, “पप्पा, मी आज कुणाला वाईट बोलले नाही ना?” मी रोज म्हणायचो, “नाही, झोप आता.” कधीकधी ती दोनदा विचारायची, कधी पाचदा. मला ती संवेदनशील वाटायची. माझा आजार हातांनी आणि कपाळाने व्हायचा, तिचा पेन्सिलीने आणि प्रश्नाने होत होता, म्हणून तो मी ओळखला नाही. की ओळखायचे टाळले? माझ्याकडून तिला हा वारसा मिळाला, असे मला मानायचे नव्हते. हा आजार काही घराण्यांत अधिक दिसतो, हे मला डॉक्टरांनी सांगितले होते. दर शंभरात एक-दोन माणसांना तो होतो आणि पुष्कळदा शाळकरी वयातच सुरू होतो, हेही.

सकाळी मी तिला स्कूटरवर मागे बसवले आणि पाथर्डी फाट्यावरून पांडवलेण्यांच्या पायथ्याशी नेले. तिथे आता बुद्धस्मारक आणि दादासाहेब फाळके स्मारक जवळजवळ आहेत. आम्ही बाकावर बसलो आणि मी तिला सभागृह, अभद्र शब्द, नऊ नमस्कार, आदर्श विद्यार्थ्याची ढाल, हे सारे पहिल्यांदा सांगितले. तिच्या आईलाही मी ते तोवर पुरते सांगितलेले नव्हते. मुलीने फक्त एवढेच विचारले, “ती ढाल अजून आहे आपल्याकडे?” आहे. टीव्हीच्या वर, कपाटात.

मग ती बोलायला लागली, आणि अकरापर्यंत बोलत होती.

आता तिचे उपचार चालू आहेत. शाळांनी, विशेषतः निवासी शाळांनी, या बाबतीत काय करता येईल, हे जाणकारांनी सांगावे. माझ्याकडून एवढेच. एखादे मूल फार स्वच्छ, फार भाविक, फार काटेकोर दिसले, तर बक्षीस देण्याआधी त्याला एकट्याला बोलावून, यात तुला त्रास होतो का, असे विचारावे. जवळ डॉक्टर नसतील त्यांच्यासाठी शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर या आजारासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

डॉक्टरांनी मला घरी एक काम दिले आहे आणि ते मला माझ्या नमस्कारांपेक्षा जड जाते. मुलीच्या रात्रीच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर द्यायचे नाही. ती खात्री मागते, आणि मी ती दिली की वर्तुळ पुन्हा फिरते. पहिल्या रात्री तिने विचारले, “पप्पा, मी आज कुणाला वाईट बोलले नाही ना?” मी म्हणालो, “माहीत नाही.” तिचे डोळे भरून आले. “तुम्हाला माहीत असतं,” ती म्हणाली, “तुम्ही मुद्दाम सांगत नाही.” मी म्हणालो, “बोलली असशील, नसशील. आपण दोघंही न कळताच झोपू.” ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी दिवा मालवला आणि तिच्या खाटेशेजारी जमिनीवर बसलो. बाहेर दुसऱ्या पाळीची माणसे सायकलींवरून घरी जात होती. तिने अंधारात पुन्हा विचारले. मी उत्तर दिले नाही. पुन्हा विचारले. मग बराच वेळ काही आवाज नाही, आणि मग ती म्हणाली, “पप्पा, त्या गुळात खरंच पीठ घालत होते?”

“घालत होते,” मी म्हणालो.